घर कुणाच्या हाती, बस कुणाच्या हाती?

हे सदर मुंबई महापालिकेच्या जानेवारी 2026 मधील निवडणुकीपूर्वी लिहिलेले आहे; ही निवडणूक जवळजवळ नऊ वर्षांनी होत होती. फेब्रुवारी 2017 मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तेव्हापासून शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. 227 प्रभागांतील उमेदवार आता चाळींच्या पटांगणांत आणि सोसायट्यांच्या आवारांत येऊ लागले असून, या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत त्यांच्या आश्वासनांविषयीच विचारणा आहे. घर आणि रोजचा प्रवास हे दोन विषय जवळपास प्रत्येक पत्रात आहेत, म्हणून या अंकातील सर्व उत्तरे त्यांनाच दिली आहेत. कोणाला मत द्यावे हे या सदरात सांगितले जाणार नाही. उमेदवार जे देऊ म्हणतो ते त्याच्या अखत्यारीत आहे का, हे मात्र स्पष्टपणे सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्न : आमची चाळ 1940 पूर्वीची, उपकरप्राप्त आहे. जिन्याला टेकू लावलेले आहेत आणि पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात कोणी उभे राहत नाही. आतापर्यंत तीन उमेदवार येऊन गेले. पहिल्याने निवडून येताच 500 चौरस फुटांचे घर देतो असे सांगितले, दुसऱ्याने स्वयंपुनर्विकासाचा आग्रह धरला आणि तिसऱ्याने आपल्या ओळखीचा विकासक आणण्याची तयारी दाखवली. यांतील कोणते आश्वासन नगरसेवकाला पाळता येईल?
— एक भाडेकरू, लालबाग

तिघांपैकी एकाचेही आश्वासन नगरसेवक म्हणून त्याच्या एकट्याच्या अधिकारात पाळता येण्यासारखे नाही. आपली इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत असल्यामुळे तिची दुरुस्ती आणि पुनर्रचना ही म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची जबाबदारी आहे आणि म्हाडा राज्य शासनाच्या अखत्यारीत येते. संक्रमण शिबिरातील गाळेही हेच मंडळ देते. पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) या तरतुदीखाली होतो, त्यासाठी 51 टक्के भाडेकरूंची संमती लागते, आणि पुनर्वसनाच्या घराचे किमान चटईक्षेत्र त्या तरतुदीनुसार 300 चौरस फूट आहे. त्याहून मोठे घर मिळू शकते, परंतु भूखंड किती मोठा आहे, त्यावर किती भाडेकरू आहेत आणि मालक किंवा विकासकाशी करार कसा होतो यांवर ते ठरते. नगरसेवकाच्या शब्दाने ते ठरत नाही.

500 चौरस फुटांचा आकडा बहुधा बीडीडी चाळींवरून आला असावा. वरळीच्या बीडीडी चाळीतील 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये एवढ्या क्षेत्रफळाच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ही आनंदाची गोष्ट आहे आणि लालबागच्या माणसाने तिची आस धरणे स्वाभाविकच आहे. तिथली परिस्थिती मात्र वेगळी आहे. त्या चाळी सरकारी मालकीच्या, प्रशस्त जमिनीवर आहेत आणि पुनर्विकास म्हाडा स्वतः करीत आहे. खासगी मालकाच्या, चिंचोळ्या भूखंडावर उभ्या असलेल्या चाळीतील भाडेकरूंना तोच आकडा सांगणारा उमेदवार एक तर हा फरक जाणत नसावा, किंवा भाडेकरूंना तो ठाऊक नाही असे धरून चालत असावा.

मालक पुढे येत नसेल तर काय करायचे, हा आपला खरा प्रश्न आहे. म्हाडा कायद्यातील 79-अ या कलमानुसार धोकादायक इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने मिळतात. त्याने दिला नाही तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला मिळतात. तिलाही जमले नाही तर म्हाडा मालमत्ता संपादित करून काम हाती घेऊ शकते. दुसऱ्या उमेदवाराने काढलेल्या स्वयंपुनर्विकासाच्या, म्हणजे विकासकाशिवाय रहिवाशांनीच करायच्या पुनर्विकासाच्या, विषयाचे दार आपल्यासारख्यांसाठी इथेच उघडते. मात्र अशा शेकडो नोटिसांना मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्थगिती दिल्यामुळे हा मार्ग कायद्याच्या वादात सापडला आहे, आणि जो उमेदवार त्याविषयी बोलतो त्याला ही स्थगिती ठाऊक आहे का, हे अवश्य विचारून पाहावे.

मग नगरसेवकाच्या हाती काय उरते? बरेच उरते, परंतु ते फलकावर छापण्याजोगे नसते. आपल्या भूखंडावर विकास आराखड्यातील रस्तारुंदीचे किंवा शाळेचे आरक्षण असेल, तर त्यात बदल करण्याचा विषय महापालिकेच्या सुधार समितीपुढे येतो. चाळीचे पाणी, मलनिस्सारण आणि घरगल्लीची सफाई महापालिकेकडे आहे. नव्या इमारतीचे नकाशे, बांधकामाच्या परवानग्या आणि इमारत राहण्यास योग्य असल्याचे शेवटचे भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागातून जाते. हे प्रमाणपत्र अडकले की सात-आठ वर्षे भाड्याच्या घरात काढलेल्या कुटुंबांना नव्या घरात शिरूनही दुप्पट पाणीपट्टी भरावी लागते. शेजारच्या बिगर-उपकरप्राप्त जुन्या इमारतींना धोकादायक ठरवून सी-1, म्हणजे रिकामी करून पाडण्याच्या, श्रेणीची नोटीस देण्याचा अधिकारही महापालिकेचाच आहे. मालकाचा आणि रहिवाशांचा संरचनात्मक अहवाल परस्परविरोधी असेल, तर ते प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. अशा वेळी रहिवाशांच्या बाजूने कागद घेऊन उभा राहणारा नगरसेवक असला, तर त्याचा मोठा उपयोग होतो.

तिसऱ्या उमेदवाराविषयी एवढेच म्हणावेसे वाटते की त्याचे शपथपत्र आधी वाचावे. मालमत्ता, देणी आणि प्रलंबित गुन्हे यांची माहिती प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत द्यावी लागते आणि ती मतदारांना पाहता येते. विकासक आणणे हे नगरसेवकाचे काम नाही. भाडेकरूंची बाजू सांभाळणे आणि विकासकाचे हित पाहणे ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हाती गेली, की भाडेकरूंच्या बाजूने विचारणारे कोणी उरत नाही.

प्रश्न : मी संघर्षनगर, चांदिवली येथे राहते आणि पवईत तीन घरी स्वयंपाकाची कामे करते. सकाळी सातच्या सुमारास थांब्यावर उभी राहिले तर कधी लगेच बस मिळते, कधी अर्धा तास मिळत नाही. आम्ही बायका मग चौघी मिळून रिक्षा करतो आणि त्यात दिवसाच्या कमाईतला हिस्सा जातो. आमच्याकडे आलेले सगळे उमेदवार मेट्रोविषयी बोलतात. बसविषयी एकही बोलला नाही. आम्ही काय विचारावे?
— एक वाचक, चांदिवली

आपण विचारलेला प्रश्न या सगळ्या पत्रांमध्ये सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

मुंबईच्या प्रवासाची सूत्रे अनेकांच्या हाती आहेत. लोकल रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते. दहिसर ते अंधेरीच्या दोन्ही मेट्रो मार्गिका एमएमआरडीए या राज्याच्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेली साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो केंद्र आणि राज्य यांच्या संयुक्त कंपनीची आहे. रिक्षा-टॅक्सीचे भाडे महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवते आणि वाहतूक पोलीस गृह खात्याच्या अधीन आहेत. या साऱ्यांत नगरसेवकाला औपचारिक अधिकार जवळजवळ नाही. बेस्ट ही बस आणि वीज पुरवणारी संस्था मात्र महापालिकेची आहे, 7 ऑगस्ट 1947 पासून आहे. तिचा अर्थसंकल्प आधी बेस्ट समितीपुढे येतो, मग स्थायी समितीतून सभागृहापुढे जातो, आणि या तिन्ही ठिकाणी नगरसेवक बसतात. म्हणजे ज्या एका वाहनावर नगरसेवकाचा प्रत्यक्ष अधिकार चालतो, त्याविषयीच आपल्याकडे आलेले उमेदवार गप्प आहेत.

बेस्टची ही अवस्था एका वर्षात झालेली नाही. पूर्वी वीज विभागाच्या उत्पन्नातून परिवहन विभागाची तूट भरून निघत असे. तो आधार कायद्याने आणि वीज नियामक आयोगाच्या आदेशांनी संपला. चार हजारांहून अधिक बसगाड्यांचा ताफा घटत तीन हजारांच्या खाली आला. 2019 मध्ये कर्मचारी संघटनेशी झालेल्या करारात स्वतःच्या मालकीच्या 3337 बसगाड्या राखण्याचे मान्य झाले होते, परंतु जुन्या गाड्या मोडीत निघत गेल्या आणि त्यांची जागा कंत्राटदारांच्या भाडेतत्त्वावरील गाड्यांनी घेतली. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक बसगाड्यांवर बेस्टचे नाव असते, पण गाडी आणि चालक कंत्राटदाराचे असतात. डिसेंबर 2024 मध्ये कुर्ल्यात अशाच एका विद्युत बसने गर्दीत शिरून माणसे चिरडली, तेव्हा चालकाला ती गाडी चालवण्याचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, हा प्रश्न साऱ्या शहराने विचारला. एखाद्या कंत्राटदाराने परवडत नाही म्हणून गाड्या काढून घेतल्या, तर त्या मार्गावरची फेरी दुसऱ्या दिवसापासून बंद होते आणि आपल्यासारख्या प्रवाशाला ते थांब्यावर उभे राहिल्यावर कळते.

भाड्याचेही तसेच. जुलै 2019 मध्ये साध्या बसचे किमान भाडे पाच रुपये झाले आणि मे 2025 मध्ये ते दहा रुपये, वातानुकूलित बसचे सहावरून बारा रुपये झाले. भाडे दुप्पट करण्याचा हा निर्णय झाला तेव्हा बेस्ट समिती अस्तित्वात नव्हती, सभागृहही नव्हते. भाडेवाढ आवश्यक होती की नव्हती यावर दोन मते असू शकतात. परंतु ती होताना प्रवाशांच्या वतीने विचारणारा एकही निवडून आलेला माणूस त्या दालनात नव्हता, ही गोष्ट मुंबईकरांनी विसरू नये.

आता पैशांकडे पाहू. महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता आणि त्यात बेस्टसाठी 1,000 कोटींची तरतूद होती, म्हणजे शंभर रुपयांतले जेमतेम एक रुपया चौतीस पैसे. याच महापालिकेने सागरी किनारा मार्गाच्या साडेदहा किलोमीटरच्या दक्षिण टप्प्यावर 14 हजार कोटींच्या आसपास खर्च केला, आणि त्या मार्गावर दुचाकीलासुद्धा प्रवेश नाही. रस्ता बांधू नये असे माझे म्हणणे नाही. परंतु पवईच्या तीन घरांत वेळेवर पोहोचू न शकलेल्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते, हा खर्च कुठल्याच अर्थसंकल्पात धरला जात नाही, तो ती स्वतःच भरते.

म्हणून उमेदवाराला बसविषयी नेमके विचारा. बेस्टला महापालिकेच्या अर्थसंकल्पातून किती रक्कम मिळावी असे आपले मत आहे आणि ती मिळावी म्हणून आपण पक्षाच्या विरोधात जाऊनही सभागृहात बोलाल का? बेस्टच्या मालकीच्या नव्या गाड्या घेण्याच्या बाजूने आपण आहात की सर्व गाड्या कंत्राटी असाव्यात असे आपले मत आहे? बस आगारांच्या जमिनी विकासाला देण्याचा विषय येईल तेव्हा तितक्याच गाड्या उभ्या करण्याची जागा तळमजल्यावर राखली जाईल, असे लेखी द्याल का? आणि संघर्षनगरहून पवईकडे सकाळी सहा ते नऊ या वेळेत किती फेऱ्या असाव्यात, हा आकडा स्वतः शोधून सांगाल का? शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारावा. ज्याला आपल्या प्रभागातील बसमार्गांचे क्रमांकही ठाऊक नाहीत, त्याने मेट्रोविषयी कितीही माहिती दिली तरी आपला सकाळचा खोळंबा त्याच्या डोळ्यांपुढे नाही हे उघड होईल.

आणखी एक गोष्ट. आपली वसाहत पुनर्वसनाची आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून हलवलेल्या कुटुंबांना तेथे घरे मिळाली. मुंबईत पुनर्वसन म्हणजे घराची चावी, एवढाच हिशेब वर्षानुवर्षे होत आला आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतील कुटुंबांना महापालिकेने माहुलच्या इमारतींत पाठवले तेव्हा त्याचा परिणाम सर्वांनी पाहिला: शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, हवा विषारी, शाळा-रुग्णालय लांब आणि कामावर जायला वाहन नाही. अखेर एप्रिल 2019 मध्ये उच्च न्यायालयाने ज्यांना तेथे राहायचे नाही त्यांना दरमहा 15,000 रुपये भाडे आणि अनामत रक्कम देण्याचा आदेश शासनाला दिला. घर आणि बस हे दोन वेगळे विषय आहेत असे मानणाऱ्या उमेदवाराला माहुलचे उदाहरण द्यावे आणि पुढच्या पुनर्वसन प्रकल्पात चावीबरोबर बसमार्ग सुरू झाल्याशिवाय कुटुंबे हलवू देणार नाही असे तो म्हणतो का, ते ऐकावे.

प्रश्न : आमच्या वस्तीतील एक उमेदवार सांगतो की तो निवडून आला तर 2011 नंतरच्या झोपड्यासुद्धा पात्र करून देईल. हे शक्य आहे का?
— एक वाचक, मालाड (पूर्व)

नाही. झोपडीधारकांच्या पात्रतेची तारीख राज्य शासन ठरवते आणि त्यासाठी झोपडपट्टी कायद्यात बदल करावा लागतो. सध्या 1 जानेवारी 2000 पर्यंतच्या झोपडीधारकाला विनामूल्य आणि त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या झोपडीधारकाला अडीच लाख रुपये भरून घर मिळण्याची तरतूद आहे. महापालिकेचे सभागृह या तारखेत एका दिवसाचाही फरक करू शकत नाही. आपली वस्ती महापालिकेच्या जमिनीवर असेल तर नगरसेवकाचा एका वेगळ्या कामी उपयोग होईल: पात्र-अपात्रांची यादी, म्हणजे परिशिष्ट-दोन, तयार होत असताना ज्यांचे जुने वीजबिल किंवा मतदारयादीतील नोंद सापडत नाही त्यांना कागद मिळवून देणे, आणि अपात्र ठरलेल्यांचे अपील मुदतीत दाखल होईल हे पाहणे. योजना रखडली असेल तर तिची विचारणाही त्याने करावी, कारण विकासकांनी अर्धवट सोडलेल्या काही योजना महापालिका, म्हाडा आणि एमएमआरडीए यांसारख्या संस्थांनी संयुक्तपणे पुढे न्याव्यात असे शासनाने ठरवले आहे. आपली योजना त्या यादीत आहे का, हे उमेदवाराने निवडणुकीपूर्वीच शोधून सांगायला हरकत नाही.

प्रश्न : प्रभादेवीचा पूल पाडायला घेतल्यापासून वडिलांना परळच्या रुग्णालयात नेणे कठीण झाले आहे. टॅक्सीने जायचे तर दादरच्या टिळक पुलावरून किंवा करी रोडवरून वळसा पडतो, आणि पादचारी पुलाचे जिने त्यांना चढवत नाहीत. प्रत्येक उमेदवार पुलाचे खापर दुसऱ्या पक्षावर फोडतो. नेमके जबाबदार कोण?
— एक वाचक, प्रभादेवी

हा पूल सप्टेंबर 2025 मध्ये बंद झाला तो शिवडी–वरळी उन्नत मार्गासाठी, आणि तो मार्ग एमएमआरडीएचा आहे. खाली रेल्वेचे रूळ असल्यामुळे पाडकामाचा आणि गर्डरचा भाग रेल्वेच्या परवानगीने आणि महारेल या राज्य व रेल्वे यांच्या संयुक्त कंपनीमार्फत होतो. पर्यायी रस्त्यांची वाहतूक पोलीस पाहतात. महापालिकेकडे राहतात ते आजूबाजूचे रस्ते, पदपथ आणि बसथांबे. मूळ निर्णयासाठी नगरसेवकाला जबाबदार धरणे योग्य होणार नाही. परंतु पर्यायी मार्गावरचे पार्किंग हटवणे, पदपथ मोकळा ठेवणे आणि स्थानकाच्या दोन्ही बाजूंना जोडणारी जादा बसफेरी बेस्टकडून मिळवणे यांसाठी त्याला अवश्य धरावे. आपल्या वडिलांसारख्या रुग्णांना तूर्त याच गोष्टींचा आधार होईल.

याच पुलाच्या प्रकरणात पुलालगतच्या दोन इमारतींतील रहिवाशांनी आपल्याला त्याच परिसरात घर मिळावे म्हणून काम अडवून धरले होते, आणि त्यांची मागणी रास्त होती. रस्त्याचा प्रकल्प आला की घराचा प्रश्न त्याच्यासोबत येतोच.

जे पूल महापालिकेचे आहेत त्यांच्याबाबत मात्र पक्षाने अंग काढून घेऊ नये. सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल मार्च 2019 मध्ये कोसळून माणसे दगावली, त्याआधी झालेल्या तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीयोग्य ठरवला गेला होता. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झाला, फेब्रुवारी 2024 मध्ये त्याची एक बाजू उघडली तेव्हा ती बर्फीवाला उड्डाणपुलाशी जुळेना, आणि पूर्ण पूल सुरू व्हायला मे 2025 उजाडले. या काळातील बराचसा भाग प्रशासकाच्या राजवटीत गेला. सभागृह असते तर प्रत्येक बैठकीत यावर हरकतीचा मुद्दा आला असता, प्रशासनाला तारीख द्यावी लागली असती आणि ती इतिवृत्तात नोंदली गेली असती. सभागृह हवे ते अशा कामांसाठी हवे, आणि उमेदवाराला तेथे उभे राहून असे प्रश्न विचारता येतील का, हे त्याच्या कोपरा सभेत बऱ्यापैकी कळते.

प्रश्न : आम्ही दोघे अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. उमेदवार आमच्या सोसायटीत आले, मालकांशी बोलले आणि 700 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करू असे सांगून गेले. आम्हा भाड्याने राहणाऱ्यांना यातून काय मिळणार?
— एक दांपत्य, बोरिवली

थेट काहीच मिळणार नाही. करमाफी घरमालकाला मिळते आणि ती मिळाली म्हणून कोणी भाडे कमी केल्याचे ऐकिवात नाही. 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. त्यासाठी 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात राज्याला दुरुस्ती करावी लागली होती. मर्यादा वाढवायची असेल तर पुन्हा तोच मार्ग आहे. सभागृह फार तर ठराव करून शिफारस करील.

अधिक महत्त्वाचे असे की जकात 1 जुलै 2017 रोजी संपली. तिच्या बदल्यात राज्याकडून भरपाई येते, पण स्वतःच्या हाताने गोळा करता येईल असे महापालिकेचे मोठे उत्पन्न मालमत्ता कर आणि बांधकामांवरील शुल्के एवढेच राहिले आहे. यांतील पहिले कमी करीत गेलो तर महापालिका दुसऱ्यावर अधिकाधिक अवलंबून राहील, म्हणजे उंच इमारतींना जितके जादा बांधकामक्षेत्र विकले जाईल तितका तिचा संसार चालेल. अशा महापालिकेकडून परवडणाऱ्या घरांची अपेक्षा करणे अवघड आहे. म्हणून करमाफीचे आश्वासन देणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, त्या रकमेची भरपाई कोठून करणार आणि बेस्टच्या अनुदानाला कात्री लागणार का, असे आपण दोघांनी मालकांच्या देखत विचारावे. हा प्रश्न मालकांच्याही हिताचा आहे, कारण त्यांची मुलेही उद्या बसने जाणार आहेत.

भाड्याने राहणारे मुंबईकर बहुतेक जाहीरनाम्यांत दिसत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. दर वर्षी-दोन वर्षांनी घर बदलावे लागल्याने त्यांचे नाव जुन्या प्रभागाच्या यादीत राहते आणि उमेदवाराच्या लेखी ते मतदारच उरत नाहीत. या निवडणुकीसाठी 1 जुलै 2025 रोजीची विधानसभा मतदारयादी धरली आहे, त्यामुळे त्यानंतर घर बदलले असेल तर मतदानासाठी जुन्या पत्त्याच्या केंद्रावर जावे लागेल. तेवढी तसदी अवश्य घ्यावी. मे 2025 मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणात नोकरदार महिला, विद्यार्थी आणि कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे. महापालिकेच्या मालकीच्या भूखंडांपैकी स्थानकाजवळचा एखादा भूखंड अशा घरांसाठी किंवा वसतिगृहासाठी राखावा, असा प्रस्ताव सुधार समितीत मांडणे नगरसेवकाला पूर्णपणे शक्य आहे. तसे म्हणणारा उमेदवार माझ्या पाहण्यात अद्याप आलेला नाही. आपल्याला भेटला तर या सदराला जरूर कळवावे.

प्रश्न : निवडून आल्यावर नगरसेवकाने घर आणि प्रवासाविषयी खरोखर काही केले का, हे सामान्य माणसाला कसे कळणार?
— एक निवृत्त शिक्षक, मुलुंड

आपल्याला हे तीन ठिकाणी पाहता येईल. सभागृहाच्या आणि समित्यांच्या बैठकांची इतिवृत्ते असतात; आपल्या नगरसेवकाने किती ठरावाच्या सूचना दिल्या आणि कोणत्या विषयावर हरकतीचा मुद्दा उपस्थित केला, ते त्यांत नोंदलेले असते, आणि माहिती अधिकाराखाली अर्ज करून ते मिळवता येते. प्रजा फाउंडेशन ही संस्था नगरसेवकांची उपस्थिती आणि त्यांनी विचारलेले प्रश्न यांचे प्रगतिपुस्तक प्रसिद्ध करीत आली आहे. नामकरणाचे विषय किती आणि नागरी सुविधांचे किती, हे त्यातून चटकन लक्षात येते. तिसरे म्हणजे विकास आराखड्यातील बदलांच्या सूचना. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली एखाद्या भूखंडाचे आरक्षण बदलायचे असेल तर जाहीर सूचना देऊन नागरिकांकडून एका महिन्याच्या आत हरकती मागवाव्या लागतात. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टंकात येते आणि बहुतेक वेळा महिना उलटल्यावर लोकांना कळते की मैदान गेले किंवा बस आगाराच्या जागेचा वापर बदलला.

आपल्यासारख्या निवृत्त शिक्षकाने सोसायटीतील दोघाचौघांना सोबत घेऊन या सूचनांवर लक्ष ठेवले आणि प्रत्येक वेळी नगरसेवकाला, आपण हरकत नोंदवली का, असे पत्राने विचारले, तर त्याला पाच वर्षे उत्तर देत राहावे लागेल. पत्राची पोच विभाग कार्यालयाच्या आवक विभागातून शिक्क्यासह घ्यावी.